जीपचे इंजिन मंद गतीवर का बंद पडते?

भामरागड तालुक्यातील हेमलकसा व आसपासच्या खेड्यांत जीपगाडी ही चैनीची वस्तू नव्हे. धानाचे बियाणे व खत ती आणते आणि १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यात प्रसंगी रुग्णही तीच पोहोचविते. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने वाट बंद होण्यापूर्वी नाला ओलांडावयाचा असतो. अशा वेळी गती कमी करताच इंजिन बंद पडले, तर जिवावर बेतते. म्हणून जुन्या पद्धतीच्या डिझेल जीपमधील हा दोष कसा ओळखावा, ते येथे देत आहोत.

दोष मंद गतीवरच का दिसतो?

वेगात असताना फ्लायव्हीलचा जोर इंजिनास ओढून नेतो. एखादे ज्वलन चुकले तरी ते जाणवत नाही. मंद गतीवर, म्हणजे मिस्त्री ज्यास ‘स्लो’ म्हणतात त्या गतीवर, प्रत्येक सिलिंडरला डिझेल अगदी थोडे मिळते. त्यात हवेचा बुडबुडा किंवा पाण्याचा थेंब आला की इंजिन अडखळते.

तपासणीचा क्रम

१. प्रथम धूर पाहावा. इंजिन तापल्यावरही धूर काळा असल्यास हवा अपुरी किंवा डिझेल जास्त. पांढरा असल्यास डिझेल न जळता बाहेर पडते. निळसर असल्यास इंजिनाचे ऑइल जळते. इंजिन बंद छपरीत चालू ठेवू नये. तो धूर विषारी असतो.

२. धूर काळा असल्यास एअर क्लीनर उघडून धूळ व कचरा काढावा.

३. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या भांड्यात घ्यावे. पाणी असल्यास तळाशी वेगळे दिसते.

४. नळ्यांचे सांधे ओले आहेत काय ते पाहून घट्ट करावेत. नंतर फिल्टरवरील हवेचा स्क्रू सैल करून हातपंप चालवावा आणि बुडबुड्यांविना डिझेल येऊ लागताच स्क्रू आवळावा.

५. तरीही दोष राहिल्यास मिस्त्रीकडून चालू इंजिनाच्या एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल करवावा. ज्या नोझलने आवाज बदलत नाही, तो सिलिंडर काम करीत नाही. डिझेलच्या फवाऱ्यापुढे हात धरू नये. तो कातडीत शिरतो. नव्या कॉमन रेल इंजिनावर ही कसोटी मुळीच करू नये.

स्लोचा स्क्रू शेवटी

पुष्कळ जण प्रथम हाच स्क्रू पिळतात. त्याने गती वाढते व दोष झाकला जातो, पण कारण तसेच राहते. गेल्या पावसाळ्यात एका शेतकऱ्याच्या जीपचा स्क्रू तीनदा पिळून झाला होता. फिल्टर उघडताच पाणी निघाले. त्यांचे डिझेलचे पीप अंगणात उभे होते. उभ्या पिपाच्या माथ्यावर पाणी साचते आणि रात्री पीप थंड झाले की बुचाच्या फटीतून ते आत ओढले जाते.

सबब, पीप छपराखाली आडवे ठेवावे आणि दोन्ही बुचे एका समपातळीत येतील असे पाहावे. ग्रामसेवकांनी मृगापूर्वीच गावातील प्रत्येक जीपचा फिल्टर उघडून पाहण्याची प्रथा पाडावी.