शेलान : नकाशात नसलेले बेट

संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने २००५ साली ‘फूड फोर्स’ हा संगणकावरील खेळ मुलांकरिता विनामूल्य काढला. त्यातील शेलान हे हिंदी महासागरातील बेट काल्पनिक आहे. खऱ्या देशाचे नाव घेतले असते, तर तेथील मुलांची उपासमार हा खेळाचा विषय झाला असता. हा संकोच योग्यच होय. अवर्षण व यादवी यांमुळे शेलानवासी अन्नास मुकले आहेत. खेळणाऱ्याने हेलिकॉप्टरमधून पीडितांची मोजणी करावयाची, तांदूळ, कडधान्य, तेल, साखर व आयोडीनयुक्त मीठ यांचा स्वस्त पण पोषक शिधा जुळवावयाचा, पुढे मालमोटारी अडथळ्यांतून न्यावयाच्या. शेवटी त्याच अन्नाच्या बळावर गाव पुन्हा उभे करावयाचे. शिध्याचा भाग पाटीवरही करविता येतो. साखर वाढविली की तेलास पैसे उरत नाहीत, हे मुलांनाच हिशेबात आढळू द्यावे.