संगणकाची खरेदी

आपल्या जिल्ह्यात कापसाचा हंगाम आणि संगणकाच्या जाहिरातींचा हंगाम हे जवळजवळ हातात हात घालून येतात. दसऱ्यापूर्वीच वर्तमानपत्रांतून व मोबाइलच्या पडद्यावर सवलतींचा पाऊस सुरू होतो, आणि दिवाळीनंतर कापूस विकला गेला म्हणजे पालकमंडळी शाळेत चौकशीस येतात, "गुरुजी, पोरीला कॉम्प्युटर घ्यावयाचा आहे, कोणता घ्यावा?" प्रश्न लहान, परंतु त्यामागे एका घराच्या वर्षभराच्या मिळकतीचा मोठा वाटा उभा असतो. माल आणावयाचा तो बहुधा सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून, नाही तर पैनगंगा ओलांडून नागपुराहून. एक ठिकाण सुमारे तीनशे किलोमीटर, दुसरे सुमारे दोनशे. वस्तू बिघडलेली निघाली तर ती परत करावयास जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी व बसभाडे यांवर पाणी सोडणे होय. म्हणून खरेदीपूर्वी काय पाहावे, ते या लेखात थोडे विस्ताराने सांगावे असे आम्ही योजिले आहे.

जाहिरातीची भाषा साधारणतः अशी असते: "आय-७, ८ जीबी, १ टीबी, साठ टक्के सूट." यातील प्रत्येक शब्द खरा असू शकतो आणि तरीही सौदा खोटा असू शकतो. तो कसा, हे समजण्यासाठी संगणकाची अंगे ओळखली पाहिजेत.

आपल्या देशात स्वदेशी बनावटीचा पहिला मोठा संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत श्री. आर. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाला व १९६० साली तो पूर्णपणे कामास लागला. पुढे १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि त्याच्या स्मृतीत ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत. आठ द्विमान अंकांचा एक बाइट धरला, तर हिशेब करून पाहा: २,०४८ × ४० म्हणजे ८१,९२०; त्यास ८ ने भागिले असता १०,२४० बाइट, अर्थात अवघे १० किलोबाइट. आज दुकानात मिळणाऱ्या ८ जीबीच्या एका स्मृतिपट्टीत असे आठ लाखांहून अधिक टिफ्रॅक मावतील. ही पट्टी आपल्या कंपासपेटीत राहते. टिफ्रॅकला दालन लागत असे. तथापि कामाची विभागणी तेव्हा होती तीच आज आहे: एक अंग हिशेब करते, दुसरे हाती घेतलेले काम समोर धरून ठेवते आणि तिसरे ते कायमचे साठवते.

हिशेब करणाऱ्या अंगास प्रोसेसर म्हणतात. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांना आय-३, आय-५, आय-७ अशी नावे होती. (१९२३ च्या चौथीच्या पुस्तकापेक्षा १९६० चे तिसरीचे पुस्तक अधिक ताजे असते, हे ध्यानी ठेवावे!) नावातील ३, ५, ७ हे आकडे त्या-त्या वर्षीच्या मालातील प्रत सांगतात, माल कोणत्या वर्षाचा, ते पुढील आकडा सांगतो. 'आय-७ २६००' यातील २ हा दुसऱ्या पिढीचा. तो २०११ सालचा. 'आय-३ १०१००' यातील १० हा दहाव्या पिढीचा. तो २०२० सालचा. दोहोंतही हिशेब करणारे चारच गाभे आहेत, आणि तरी धाकट्या नावाचा नवा प्रोसेसर थोरल्या नावाच्या जुन्या प्रोसेसरास सहज मागे टाकतो. जुने यंत्र विकणारा मात्र "आय-७ आहे" एवढेच सांगतो व पुढचा आकडा गिळतो. तो आकडा विचारून घ्यावा. २०२३ च्या अखेरीपासून कंपनीने नव्या मालाच्या नावातील 'आय' काढून टाकला आहे. म्हणजे ज्या मालावर तो आहे, त्याची पिढी विचारणे अधिकच अगत्याचे.

पिढीचे आणखी एक कारण आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला, आणि विंडोज ११ ही प्रणाली इंटेलच्या साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढच्याच प्रोसेसरांसाठी अधिकृतपणे मान्य आहे. साहजिकच मोठमोठ्या कचेऱ्यांनी सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे काढून टाकावयास आरंभ केला व ती बाजारात स्वस्तात येऊ लागली. ही यंत्रे टाकाऊ आहेत असे नव्हे. उबंटू किंवा पुण्याच्या सी-डॅक संस्थेची 'बॉस' यांसारखी विनामूल्य प्रणाली घातली असता शाळेच्या कामास ती उत्तम चालतात. परंतु हे माहीत असून घेणे वेगळे आणि "नवी विंडोज घालून देतो" या शब्दावर भुलून घेणे वेगळे.

आता साठवणीकडे वळू. हार्ड डिस्क म्हणजे फिरणारी चकती. मिनिटास ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदास १२०. एका फेऱ्यास सेकंदाचा सुमारे १२० वा भाग लागतो. हवा तो मजकूर सुईखाली येईतो सरासरीने अर्धा फेरा थांबावे लागते आणि सुई सरकावयास लागणारा वेळ निराळाच. एसएसडी या नव्या साठवणीत फिरणारे काहीच नाही, त्यामुळे तोच मजकूर सुमारे शंभरपट त्वरेने हाती येतो. जुना संगणक मंद चालतो म्हणून नवा घेण्याची घाई करणाऱ्या पालकांना आम्ही प्रथम हेच सुचवितो की, आतील चकती काढून तेथे एसएसडी बसवून पाहावी. पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते आणि नव्या यंत्राच्या किमतीचा बराच मोठा भाग वाचतो.

घरी आणल्यावर १ टीबीची साठवण संगणकात ९३१ जीबीच दिसते व लोक दुकानदारावर रागावतात. येथे मात्र दुकानदार निर्दोष आहे. कारखानदार एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. विंडोज मात्र १,०२४ × १,०२४ × १,०२४ बाइटांचा एक जीबी मोजते. एक लाख कोटीस या गुणाकाराने भागून पाहा, ९३१ येतात. आठवीच्या विद्यार्थ्यांनी हा भागाकार अवश्य करावा.

खरी लबाडी निराळीच असते. काहीशे रुपयांत '२ टीबी'चा पेन ड्राइव्ह मिळतो म्हणून जाहिरात येते. त्याच्या आत बहुधा अगदी थोड्या जागेची चिप असते. मात्र तिच्यावरील नियंत्रक आज्ञावली संगणकास खोटेच सांगते की, आपल्याजवळ दोन हजार जीबी जागा आहे. पहिली काही छायाचित्रे नीट साठतात. जागा भरली की नवीन छायाचित्रे जुन्यांवर लिहिली जातात किंवा कोठेच लिहिली जात नाहीत. यादीत नावे दिसतात, आत काही नसते. घरच्या लग्नाची छायाचित्रे अशा वस्तूत ठेवून मोबाइलमधील पुसून टाकली, म्हणजे ती कायमची गेली. तेव्हा नवी साठवण आणली की ती प्रथम काठोकाठ भरावी आणि सर्व फाइली उघडून पाहाव्यात. मुदतीच्या आत खोटेपणा उघडकीस आला तर पैसे परत मागता येतात.

हाती घेतलेले काम समोर धरणारी ती रॅम. सामान्य शालेय कामास ८ जीबी पुरेशी, १६ असल्यास उत्तम. परंतु २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले. जगातील बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या तीनच कंपन्या तयार करतात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणककेंद्रांनी त्यांचा माल आधीच उचलला. कापसाचा भाव दूर देशीच्या बाजारात ठरतो हे ज्या घरात ठाऊक आहे, तेथे याचे नवल वाटू नये. घेण्यापूर्वी एवढे मात्र विचारावे की, पुढेमागे आणखी एक पट्टी बसविण्यास खाच मोकळी आहे काय? काही लॅपटॉपांत रॅम मुळातच डाखून टाकलेली असते. ती वाढविता येत नाही.

आमच्या जिल्ह्यापुरता आणखी एक विचार आहे, तो म्हणजे वीज आणि धूळ. उन्हाळ्यात येथील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि जिनिंगच्या गावांत हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. ते पंख्याच्या जाळीत अडकले की आतील उष्णता बाहेर पडत नाही, व प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग उतरवितो. मग यंत्र 'जुने झाले' असे आपण म्हणतो! महिन्यातून एकदा यंत्र बंद करून मऊ कुंचल्याने जाळी झाडावी. टेबलावरील संगणकासाठी यूपीएस लागतो. त्यावर '६०० व्हीए' लिहिलेले असते, पण तो भार उचलतो सुमारे ३६० वॉटचा. त्यातील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदोपत्री ८४ वॉट-तास असतात. प्रत्यक्षात शंभरेक वॉटच्या संगणकास पंधरावीस मिनिटे मिळाली तर पुष्कळ. लिहिलेले जतन करून यंत्र नीट बंद करावे एवढ्याचसाठी तो आहे. जेथे वीज तासन्‌तास जाते तेथे लॅपटॉपच बरा, असे आमचे मत आहे.

बाजार समितीत कापूस गेला म्हणजे भाव बोलण्यापूर्वी त्यातील ओलावा मोजतात. आठ टक्क्यांच्या वर ओलावा असला की भाव उतरतो, बाराच्या वर गेला तर भारतीय कापूस महामंडळ तो घेतच नाही. विकताना आपल्या मालाची अशी परीक्षा होते, तर घेताना आपणही ती करावी यात संकोच कसला? वापरलेला लॅपटॉप असेल तर त्यातच बॅटरीचा अहवाल निघतो. त्यात मूळ क्षमता व आजची क्षमता असे दोन आकडे असतात. पहिला ४८,००० व दुसरा २९,००० असेल, तर बॅटरी साठ टक्केच उरली. प्रत्येक कळ दाबून पाहावी, पडद्यावर पांढरा कागद उघडून डाग शोधावेत, चार्जर काढून दहा मिनिटे चालवावा. आणि पक्के बिल घ्यावे. "बिलाशिवाय अठरा टक्के वाचतील" असे सांगण्यात येते. तीस हजारांवर ते ५,४०० रुपये होतात, हे खरे. परंतु बिल नसले तर वॉरंटीही बहुधा हातची जाते. 'साठ टक्के सूट' ही कोणत्या किमतीवर, तेही पाहावे. छापील किंमत आधीच फुगविलेली असली तर सुटीला अर्थ नाही. तीच वस्तू, त्याच क्रमांकाची, दोन-तीन ठिकाणी कितीला मिळते, हीच खरी तुलना.

शेवटी कळफलक. याविषयी पालक कधीच विचारीत नाहीत, आणि आम्हांस तर तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एके काळी संगणकाला रोमन अक्षरांपलीकडे काही येत नसे. १९८० नंतरच्या दशकात कानपूरच्या आयआयटीमध्ये श्री. मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम केले, त्यातून 'जिस्ट' नावाचे कार्ड निघाले. १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ते देशभर पोहोचविले. हे कार्ड वेगळे विकत आणून संगणकाच्या आतील खाचेत बसवावे लागे, म्हणजे पडद्यावर देवनागरी उमटे. मराठी लिहिण्यासाठी जादा पैसे देऊन जादा भाग घ्यावा लागत असे! पुढे युनिकोड आले व अक्षरे प्रत्येक संगणकाच्या पोटातच आली. आज त्यासाठी एक पैसाही पडत नाही. फक्त यंत्राच्या मांडणीत 'मराठी इनस्क्रिप्ट' चालू करावे लागते.

इनस्क्रिप्ट ही मांडणी १९८६ साली ठरली, आणि ती बहुतेक भारतीय लिपींना एकच आहे. डाव्या हाताखाली स्वर, उजव्या हाताखाली बहुतेक व्यंजने. 'के'च्या कळीवर क, शिफ्टसह ख. तीच कळ तेलुगू निवडली असता तेलुगूतील क व ख देते. आपल्या मुलांना शाळेत मराठी व तेलुगू दोन्ही लिहावे लागते. त्यांनी एकदा बोटे बसविली की दोन्ही भाषा साधतात. आमची स्वतःची घरची भाषा कोंकणी. ती देवनागरीत लिहितात, रोमीत लिहितात, कन्नड व मल्याळम लिपींतही लिहितात. त्यांपैकी रोमी सोडून बाकी तिन्हींना हीच बोटे उपयोगी पडतात, हे सांगताना आम्हांस थोडा आनंद होतो, तो वाचकांनी क्षम्य मानावा.

ळ शिफ्टसह 'एन'वर आहे, ण शिफ्टसह 'सी'वर. 'वाऱ्यावर', 'दऱ्या' यांतील अर्धा र लिहिताना अनेक जण अडतात व 'वार्यावर' असे अशुद्ध लिहून सोडून देतात. त्यासाठी शिफ्टसह 'जे' दाबून ऱ घ्यावा, मग 'डी' दाबून पाय मोडावा, मग य.

आणि आपल्या नारनूर मंडलातील गुंजाळा गावी ज्या लिपीतील हस्तलिखिते सापडली, त्या गुंजाळा गोंडी लिपीलाही जून २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत स्थान मिळाले आहे. तिची अक्षरे काही संगणकांवर अजून रिकाम्या चौकटींसारखी दिसतात. 'नोटो सान्स गुंजाळा गोंडी' हा विनामूल्य टंक उतरवून घेतला की ती उमटतात. ज्या मित्रांच्या घरी गोंडी बोलली जाते, त्यांनी शाळेच्या संगणकावर तो टंक घातलेला आहे की नाही, ते एकदा पाहावे व नसल्यास आम्हांस सांगावे.