नाव कळल्याशिवाय सुरी नको

कुत्र्याच्या अंगावर गाठ सापडली की घरात पहिला प्रश्न निघतो, ऑपरेशन करायचं की नाही? माझ्या मते हा प्रश्न चौथा आहे. गाठ कसली आहे, ती कुठवर पोचली आहे आणि जनावराचं अंग शस्त्रक्रिया सोसेल का, हे तीन प्रश्न त्याच्या आधी येतात. त्यांची उत्तरं हातात नसताना दिलेला होकार आणि दिलेला नकार, दोन्ही अंधारातले. आमच्या चंपीच्या आजारात याच प्रश्नांनी आम्हाला एकदा ‘हो’ म्हणायला लावलं आणि पुढे एकदा ‘नको’. दोन्ही निर्णयांचा मला आजही पस्तावा नाही, म्हणून हे लिहितो आहे.

चंपी अर्धी मुधोळ, अर्धी गावठी. कलबुर्गीत आमचं घर आणि आळंद तालुक्यात शेत, दोन्हीकडे तिचा राबता. वय नऊच्या आसपास. नसबंदी केलेली नव्हती. सौ. तिच्या पोटावरच्या गोचिड्या काढत होती, तेव्हा मागच्या सडाजवळ बोराएवढी टणक गाठ हाताला लागली. दाबली तरी चंपी कुरकुरली नाही. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, हे आधी ध्यानात ठेवा.

गल्लीतले सल्ले

आमच्या गल्लीत मराठी, कन्नड आणि दख्खनी अशा तिन्ही भाषांत सल्ले मिळतात. कुणी बिब्ब्याचा डाग द्यायला सांगितला, कुणी चुना-हळदीचा लेप. एका मावशींनी गाणगापूरचा अंगारा आणून दिला. दत्ताच्या पायाशी कुत्री असतात, तेव्हा तो अंगारा चंपीच्या कपाळाला लावायला आमची ना नव्हती. गाठीला मात्र कुणाला काही लावू दिलं नाही. बिब्ब्यानं कातडी भाजते, कुत्रं ती जागा चाटत राहतं, गाठ फुटून जखम झाली की पुढची शस्त्रक्रिया अवघड होते.

घरातल्या दुखण्याच्या गोळ्यांचंही तसंच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही माणसांची औषधं कुत्र्याच्या जठराला व्रण पाडतात, मूत्रपिंडं निकामी करू शकतात. कुत्र्यासाठी वेगळी औषधं आणि वेगळी मात्रा असते. ती पशुवैद्यकानंच ठरवायची.

‘गाठीला लोखंड लागलं की ती पसरते’ हेही बरेच जण बजावतात. बारीक सुईनं पेशी काढून तपासल्यानं सहसा असं होत नाही. नुकसान होतं ते गाठ अर्धवट कापल्यानं. कडेला राहिलेल्या पेशी पुन्हा वाढतात आणि दुसऱ्या खेपेला आधीपेक्षा कितीतरी मोठा भाग काढावा लागतो.

‘उद्या सकाळी उपाशी आणा’

एका खासगी दवाखान्यात गाठ चाचपून लगेच सांगण्यात आलं, अर्ध्या तासाचं काम आहे, उद्या सकाळी उपाशी पोटी आणा. रक्त तपासायचं का? गरज नाही. छातीचा एक्स-रे? गरज नाही. काढलेल्या गाठीचं पुढे काय? टाकून द्यायची. आम्ही जवळपास तयार झालो होतो. झटपट सुटकेची हमी मिळाली की घाबरलेल्या माणसाला तीच बरी वाटते.

त्या रात्री भालकीहून मेव्हण्याचा फोन आला. त्याच्या गोठ्यात म्हशी आहेत, बीदरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्याचं सारखं जाणं-येणं. तो म्हणाला, “दाजी, कापायची एवढी घाई कशाला? आधी बीदरला आणा, तपासून तर घेऊ.”

बीदरच्या नंदीनगरात कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं मुख्यालय आहे. २००४ च्या कायद्यानं ते स्थापन झालं. तिथल्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात गुरांबरोबर कुत्री-मांजरंही तपासतात. कलबुर्गीहून हुमनाबादमार्गे शंभरेक किलोमीटरचा रस्ता. २०१७ पासून रेल्वेही आहे, पण आजारी कुत्र्याला सामानाच्या डब्यातून नेण्यापेक्षा गाडी करावी. भालकी-औरादच्या लोकांना उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही जवळ पडतं, हैदराबादकडे ओढा असणाऱ्यांना राजेंद्रनगरचं. मोठ्या शहरात खासगी तज्ज्ञ मिळतात. पण शिकवणाऱ्या रुग्णालयात शल्यचिकित्सा, रक्ततपासणी, विकृतीशास्त्र हे विभाग एकाच आवारात असतात. आडगावातून येणाऱ्याची पायपीट त्यानं बरीच वाचते.

चार तपासण्या

बीदरच्या डॉक्टरांनी आधी सगळे सड बोटांनी चाचपले. कुत्रीला साधारण पाच जोड्या असतात, आणि एक गाठ दिसते तिथं दुसरी लपलेली असू शकते. मग काखेतल्या आणि जांघेतल्या लसीका गाठी पाहिल्या, कारण सडाचा कर्करोग तिथूनच पुढे सरकतो.

दुसरी तपासणी सुईची. सडाच्या गाठीत ती साधी की कर्करोगाची हे सुईवरून नेहमी पक्कं ठरत नाही. पण गाठ नुसत्या चरबीची आहे का, किंवा मास्ट पेशींचा कर्करोग आहे का, हे बहुधा कळतं. या दोन्हींत कापण्याची पद्धत अगदी वेगळी असते.

तिसरा छातीचा एक्स-रे, तोही एक नाही तर तीन बाजूंनी. डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर आणि उताणं किंवा पालथं झोपवून. एकाच बाजूनं काढलेल्या चित्रात फुप्फुसातला लहान ठिपका हृदयामागे लपतो. काही मिलिमीटरचे ठिपके तिन्हींतही दिसत नाहीत, तेव्हा एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे शंभर टक्के खात्री, असं नव्हे.

चौथी रक्ताची, आणि तिथंच आमचं पाऊल अडलं. चंपीच्या प्लेटलेट्स फार कमी निघाल्या. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन लाखांच्या वर असतात. कारण निघालं गोचीड ताप, म्हणजे एर्लिकिया. आपल्याकडे गोचिड्यांमुळे हा आजार सर्रास होतो आणि पुष्कळदा तो आतल्या आत दबून असतो. ना ताप, ना नाकातून रक्त, कुत्रं नुसतं थोडं मंद. अशा कुत्र्याला टेबलावर घेतलं तर रक्त थांबवताना नाकी नऊ येतात. ‘उद्या सकाळी’ कापलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून सौ.ला त्या रात्री झोप लागली नाही. महिनाभर डॉक्सिसायक्लिन चाललं, प्लेटलेट्स वर आल्या आणि मगच तारीख मिळाली.

होकार कशावर दिला

गाठ तीन सेंटिमीटरच्या आतली होती, लसीका गाठी फुगलेल्या नव्हत्या, छाती स्वच्छ होती, मूत्रपिंडं आणि यकृत ठीक होतं. लहान गाठीत पुढचं आयुष्य चांगलं मिळण्याची शक्यता जास्त असते. शेजारी म्हणत होते, या वयात कशाला? वय हा काही आजार नव्हे. दहा वर्षांचं धडधाकट कुत्रं भूल सोसतं आणि चार वर्षांचं किडनी गेलेलं सोसत नाही.

सडाच्या गाठींचा एक प्रकार मात्र असा आहे, की त्यात सुरी लावणं म्हणजे त्रासात भर. पूर्ण पट्टा लाल, गरम, सुजलेला, हात लावला की कुत्रं ओरडतं. वरून तो साध्या सुजेसारखा दिसतो, पण दाहक कर्करोग असू शकतो. तिथं शस्त्रक्रियेचा सहसा उपयोग होत नाही आणि जखमही भरत नाही.

इतर कर्करोगांचे हिशेब आणखी वेगळे. रस्त्यावरच्या कुत्र्यांत संगातून पसरणारी गुप्तांगाची गाठ, तिला टीव्हीटी म्हणतात, फुलकोबीसारखी वाढते आणि तिच्यातून रक्त गळतं. पाहून अंगावर काटा येतो. तरी ती बहुधा व्हिन्क्रिस्टिनच्या आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी विरघळते, कापायची वेळ क्वचित येते. मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या पायातला हाडाचा कर्करोग याच्या उलट. नुसता पाय काढला तर वेदना जाते, पण आयुष्य बहुधा चार-पाच महिन्यांचंच मिळतं. केमोची जोड दिली तर वर्षाच्या आसपास. मालकाला दोन्ही आकडे आधी ठाऊक हवेत. प्लीहेची गाठ फुटून पोटात रक्तस्राव झाला तर विचाराला तासही मिळत नाहीत. म्हणून म्हातारं कुत्रं एकाएकी कोसळलं आणि हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर सकाळची वाट पाहू नका.

होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना एवढं विचारा आणि उत्तरं कागदावर उतरवा. किती भाग काढणार, एक सड की पूर्ण पट्टा? नाही काढलं तर पुढच्या महिन्यांत काय होईल? काढलं तर किती आणि कसं आयुष्य? भूल कोण देणार, रात्री देखरेख कोण करणार? तपासण्यांसकट खर्च किती? खर्चाची मर्यादा घरात आधीच ठरवा. आमच्याकडे तुरीच्या पैशातला एक भाग बाजूला काढला आणि त्यापलीकडे जायचं नाही असं ठरलं. ‘कुत्र्यापायी एवढे पैसे?’ म्हणणारे भेटतात, ‘पैशासाठी जीव घेतला’ म्हणणारेही भेटतात. दोघांचंही ऐकायचं नसतं.

ऑपरेशननंतर

काढलेली गाठ बादलीत जाऊ देऊ नका. ती दहा टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रावणात, प्रयोगशाळेत गेली पाहिजे. कुत्र्यांतल्या सडाच्या गाठींपैकी ढोबळमानानं निम्म्या कर्करोगाच्या असतात. आपली कुठल्या निम्म्यात बसते, हे तो तुकडाच सांगतो. अहवालात तीन गोष्टी शोधा: प्रकार, दर्जा म्हणजे ग्रेड, आणि कडा स्वच्छ आहेत का. चंपीचा अहवाल कार्सिनोमाचा आला, दुसरा दर्जा, कडा स्वच्छ. अशा कर्करोगात केमोचा फायदा ठामपणे सिद्ध झालेला नाही, असं डॉक्टरांनी मोकळेपणानं सांगितलं. आम्ही केमो घेतली नाही. ठरावीक काळानं छातीचा एक्स-रे काढत राहिलो.

जखम काखेपासून जांघेपर्यंत होती. गळ्यातला प्लॅस्टिकचा शंकू कुत्र्याला आवडत नाही, तरी तो काढायचा नाही. आम्ही माझ्या जुन्या सुती बनियनला पायांची भोकं पाडून तिला घातलं, जखम झाकायला तेवढं पुरलं. टाक्यांखाली पाणी साचून फुगवटा येतो, तो घरी पिळू नये, डॉक्टरांना दाखवावा. पावसाळ्यात माश्यांकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्या, उघड्या जखमेत एका दिवसात अळ्या पडतात. कलबुर्गीच्या मे महिन्यात तर अशा कुत्र्याला कूलरच्या खोलीतच ठेवावं. खायला थोडं थोडं, मऊ दहीभात किंवा दुधात नाही तर पाण्यात कुस्करलेली भाकरी. कांदा-लसणाची आमटी नको. कांद्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि रक्त गेलेल्या जनावराला ते परवडत नाही.

नकार

पुढचं सव्वा-दीड वर्ष चंपी शेतात ससे हुसकत हिंडली. मग कोरडा खोकला सुरू झाला आणि दुसऱ्या बाजूच्या सडाजवळ नवी गाठ आली. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांत ठिपके होते. नवी गाठ काढून द्यायला एक दवाखाना तयार होता. आम्ही तेच जुने प्रश्न मांडले. गाठ कसली, ठाऊक. कुठवर पोचली, फुप्फुसापर्यंत. काढून चंपीला काय मिळणार? भूल, टाके, शंकू. खोकला तसाच. नाही म्हणायला फार वेळ लागला नाही.

त्यानंतरची वाट डॉक्टरांनी दिलेल्या कुत्र्याच्या वेदनाशामकावर आणि रोजच्या नोंदीवर चालली. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञ पशुवैद्यक डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी सात गोष्टींचं एक मोजमाप दिलं आहे. वेदना (तीत श्वासही आला), भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, हे ते सात मुद्दे. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज पस्तीसच्या वर असेल तर जनावराचं जगणं सुसह्य आहे असं धरतात. रोज तिला पाहणाऱ्या आम्हाला आपलं मन फसवायचं, ‘आज जरा बरी आहे’ असं वाटायचं. वहीतल्या आकड्यांवर मात्र सगळ्यांचं एकमत व्हायचं. बेरीज घसरली आणि बसल्या जागी दम लागायला लागला, तेव्हा आम्ही डॉक्टरांना घरी बोलावलं. दयामरणात आधी गाढ भूल देतात का हे विचारून घ्या, घरातल्या मुलांना खरं सांगा, आणि जमलं तर शेवटपर्यंत कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून बसा.

ज्यांच्या कुत्रीला आज गाठ नाही, त्यांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिल्या माजाच्या आधी नसबंदी केली तर सडाच्या कर्करोगाचा धोका फार कमी होतो, असं १९६९ च्या एका अमेरिकन अभ्यासापासून मानलं जातं. किती कमी, यावर पुढे वाद झाले, पण गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार नसबंदीनं नक्की टळतो. योग्य वय कुत्रीची जात आणि आकार पाहून डॉक्टरांशी बोलून ठरवा. दुसरं, महिन्यातून एकदा गोचिड्या काढायला बसाल तेव्हा सडांच्या पाचही जोड्या बोटांनी चाचपून पाहा. बारीकशी गाठ लागली तरी ती मोठी व्हायची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात सुईची तपासणी करून घ्या आणि रक्त काढतील तेव्हा गोचीड तापाचीही तपासणी मागा.