जिवंत आमिष आणि हलके शिसे

ज्याने बालपणी रत्नागिरीच्या खाडीत काळोख पडल्यावर तांबोशी गरवली आहे, ज्याच्या तर्जनीवर दोराने कापल्याची खूण अजून शाबूत आहे, आणि जाड दोर, मोठी गरी व जड शिसे यांनी आजवर कुणाचे नुकसान केलेले नाही अशी ज्याची पक्की समजूत होऊन बसली आहे, अशा गृहस्थाने अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात जाऊन वॉलआय नावाच्या माशाचा नाद धरण्यापूर्वी ती समजूत काठावरच ठेवून नावेत चढावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. तांबोशी आमिषावर झडप घालून खडकाच्या कपारीकडे पळते, आणि तेथे बळकट सामग्रीवाचून निभाव लागत नाही, हे खरेच. वॉलआयचा मामला मात्र बळाचा नाही. तो भरवसा टिकविण्याचा आहे, आणि ज्या सामग्रीने तांबोशी काठावर येते त्याच सामग्रीने हा भरवसा मोडतो.

गोड्या पाण्यातला, पर्च कुळातला हा मासा १९६५ साली मिनेसोटाचा राज्यमत्स्य ठरला, आणि मे महिन्यात ज्या शनिवारी त्याचा हंगाम खुला होतो त्या दिवशी तेथील सरोवरांवर जत्रेची गर्दी उसळते. त्याच्या नेत्रपटलामागे प्रकाश परतविणारा एक थर असल्यामुळे अंधुक उजेडात त्याला भक्ष्य स्पष्ट दिसते, तर भक्ष्याला तो दिसत नाही. म्हणूनच पहाट, संध्याकाळ आणि वाऱ्याने पाणी खळबळलेला ढगाळ दिवस या वेळा त्याच्या भोजनाच्या होत. परंतु गळवाल्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट त्याच्या खाण्याच्या रीतीत आहे. बहुतेक वेळा तो आमिषाजवळ येऊन तोंड एकाएकी उघडतो, पाण्याच्या ओघाबरोबर आमिष आत ओढून घेतो, आणि त्या क्षणी जर त्याला दोराचा ताण किंवा शिशाचे ओझे जाणवले, तर तितक्याच सहजतेने ते बाहेर फुंकून टाकून निघून जातो.

या स्वभावावर ब्रेनर्ड गावी येऊन राहिलेल्या अल आणि रॉन लिंडनर या बंधूंनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस जी तोड काढली, ती लिंडी रिग या नावाने तेथील आमिषाच्या दुकानांत आजही विकली जाते. तिची रचना ऐकताना क्षुल्लक वाटते. मुख्य दोर शिशाच्या छिद्रातून मोकळा ओवायचा, त्याच्या टोकाला भोवरकडी बांधायची, भोवरकडीच्या पलीकडे तीन ते सहा फूट बारीक दोर आणि त्याच्या शेवटी एक लहानसा गळ, एवढाच तो संसार. शिसे बुटाच्या तळव्याच्या आकाराचे असल्यामुळे दगडगोट्यांवरून अडखळत का होईना पण चालत राहते. आणि मासा आमिष घेऊन निघाला की दोर शिशातून सरकतो, शिसे तळाशी पडून राहते, माशाला ओझे कळतच नाही. ही सारी हिकमत त्या मोकळ्या सरकण्यात आहे. दोर जाड झाला, छिद्रात गाळ बसला किंवा शिसे चिखलात रुतण्याइतके जड झाले, तर लिंडी रिग नावापुरतीच उरते.

हे मला प्रत्यक्ष दिसले ते मिल लॅक्स सरोवरावर. मिनियापोलिसच्या उत्तरेस सुमारे शंभर मैलांवर असलेले, दोनशे चौरस मैलांचा विस्तार असूनही जेमतेम बेचाळीस फूट खोल असे हे पाणी आहे, आणि त्याच्या मध्यभागी चिखलाची जी सपाट पठारे आहेत त्यांच्या कडांवर जून महिन्यात वॉलआय चरत असतात. माझा भाचा त्या दिवशी बरोबर होता. कुणा दुकानदाराने त्याच्या गळ्यात तीस पौंडी विणीव दोर, पाइक माशासाठी वापरतात तसली पोलादी तार, एक औंसाचे शिसे आणि समुद्रात शोभेल असला गळ मारला होता, आणि त्या गळावर त्याने जळू दोन-तीन वेळा टोचून घट्ट बसविली होती. नाव एकच, कड एकच, आमिषाची डबीही एकच, पण माझ्या काठीला मासे लागत होते आणि तो दर थोड्या वेळाने म्हणे, "मामा, परत गवतच अडकलं." शेवटी मी त्याला विचारले, "अरे, अठ्ठावीस फुटांवर, जिथे ऊन पोचत नाही, तिथे गवत कुठून येणार?" दोर गुंडाळून पाहिले, तो जळूची अर्धी कातडी सोललेली, आणि गळाबाहेर लोंबणारे टोक साफ नाहीसे. ज्याला तो गवत समजत होता तो वॉलआयच होता, वारंवार येऊन परीक्षा घेऊन जाणारा.

तेव्हा सामग्रीविषयी माझे मत असे. काठी साडेसहा ते सात फुटांची, टोकाला लवचीक आणि बुडाशी ताठ असावी. स्पिनिंग रीळ मध्यम असले तरी पुष्कळ. दोर सहा किंवा आठ पौंडी. शिशाचे माप सामान्यतः दर दहा फूट खोलीला अष्टमांश औंस असे धरतात, म्हणजे थोडे वरचे माप धरून पंधरा फुटांपर्यंत पाव औंस आणि वीस-पंचवीस फुटांवर तीन अष्टमांश औंस. वारा जोराचा असेल तरच अर्धा औंस. परंतु मापापेक्षा बोटावर विश्वास ठेवावा : शिसे तळाला टेकल्याचे कळते, आणि दोर नावेमागे फार तिरपा जात नाही, एवढे झाले की त्याहून जड शिशाची गरज नसते. नाव ताशी अर्धा-पाऊण मैलाहून वेगाने चालवू नये. वसंतात मासे उथळ पाण्यात असताना मात्र ही सारी रिग बाजूला ठेवून अष्टमांश औंसाच्या साध्या जिगला, म्हणजे शिशाचे डोके असलेल्या गळाला, लहान मासा लावणे मला अधिक पसंत आहे.

आमिष कोणते, हे पाणी ठरविते. हंगामाच्या आरंभी पाणी गार असते तोवर मिनो, म्हणजे लहान मासे, उत्तम. त्यांचा गळ खालच्या ओठातून वर काढावा, आणि तो चार किंवा दोन क्रमांकाचा असावा. (या क्रमांकांत आकडा वाढला की गळ लहान होतो, हे नवख्याने ध्यानात ठेवावे.) पाणी दहा अंश सेल्सियसच्या वर चढले की जळूचे दिवस येतात, त्याहून गार पाण्यात ती वळकटी करून बसते आणि कामाची राहत नाही. सह्याद्रीच्या पावसाळी वाटेवर पायाला डसणारी जळू ही नव्हे, तेव्हा हातात घेताना किळस येण्याचे कारण नाही. बोटाला चिकटली तर चिकटू द्यावी. तिच्या शरीराच्या रुंद टोकाला जे चोषक असते त्यातूनच सहा किंवा आठ क्रमांकाचा गळ एकदाच, निसटता टोचावा, म्हणजे ओढ लागताच ती फितीप्रमाणे लांब होऊन पोहू लागते. उन्हाळ्याच्या भरात नाइटक्रॉलर जातीचे मोठे गांडूळ घ्यावे, तेही केवळ डोक्याच्या टोकाशी टोचून, बाकी देह मोकळा सोडून. गळ झाकला जावा म्हणून आमिषाला गुंडाळण्याचा मोह सर्वांनाच होतो. पण गळ उघडा दिसला तरी वॉलआय क्वचितच हरकत घेतो, आमिष निश्चल असले तर मात्र हमखास घेतो.

दोर धरण्याची रीत शिकण्यास वेळ लागतो. रिळाची तारेची कमान उघडी ठेवून दोर तर्जनीच्या पेरावर अडकवावा. मासा जवळ आला की पुष्कळदा मिनोची धडपड आधी बोटाला कळते. मग एखादा ठोका, किंवा नुसतेच ओझे वाढल्याची जाणीव होते. त्या क्षणी बोट सरळ करून दोर सोडावा, थोडा वेळ थांबावे, ढील गुंडाळून घ्यावी आणि काठी लांबवर, संथपणे मागे ओढावी. किती थांबावे यावर तेथील जुन्याजाणत्यांत वाद आहेत. माझा कल थोडेच थांबण्याकडे आहे, आणि त्याचे कारण माशांची संख्या नव्हे. फार वेळ दिला की मासा गळ घशाखाली उतरवितो, आणि जो मासा नियमाप्रमाणे परत सोडावयाचा आहे तो पोहत गेला तरी पुढे मरतो; पाणी जितके तापलेले तितके हे मरण अधिक. म्हणून मासा सोडावयाचा असेल तर जुलै-ऑगस्टच्या उष्ण पाण्यात शक्यतो जिवंत आमिष टाळावे, आणि गळ खोल रुतलाच तर तो उपसण्याची खटपट न करता दोर तोंडाजवळ कापून मासा सोडावा. मिल लॅक्सवर वॉलआयची संख्या घटली तेव्हा २०१६ साली राज्याने पकडलेला प्रत्येक वॉलआय सोडून देण्याचा हुकूम काढला आणि त्याच्यासाठी जिवंत आमिषालाही मनाई केली, त्यामागे हाच विचार होता.

त्या सरोवरावरील पकड राज्य आणि तेथील मूळचे रहिवासी असलेले ओजिब्वे लोक यांच्यात वाटली जाते; १८३७ च्या तहाने या लोकांना मिळालेले मासेमारीचे हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली कायम केले. त्यामुळे तेथील नियम वर्षागणिक, कधी हंगामाच्या मध्यावरही बदलतात, आणि परवाना काढला त्याच दिवशी ते पुन्हा वाचणे इष्ट. खुल्या पाण्यात एका माणसाला एकाच दोराची मुभा आहे, ही बाब आपल्याकडील मंडळी, विशेषतः मुलाची काठी स्वतःच सांभाळणारे वडील, नेमकी विसरतात.

राहिली आमिषाच्या डबीची व्यवस्था. सरोवर सोडताना डबीतले पाणी काठावरच ओतून टाकणे कायद्याने बंधनकारक आहे, कारण झेब्रा शिंपल्यांची अदृश्य पिल्ले त्या पाण्यातून दुसऱ्या सरोवरात जातात. मिल लॅक्समध्ये हे शिंपले २००५ पासून आहेत. तेव्हा जळवा आणि मिनो जगवायचे असतील तर बदलण्यासाठी गार पाण्याची बाटली घरूनच न्यावी, मात्र नळाच्या पाण्यातील क्लोरीन आदल्या रात्री उघड्या भांड्यात उडून गेलेले किंवा औषधाने घालविलेले असावे. उरलेली गांडुळे झाडाखाली सोडण्यात आपण पुण्य करतो असे वाटते, पण मिनेसोटाच्या अरण्यातले एकही गांडूळ मूळचे तिथले नाही. ती सारी बाहेरून आली आहेत, आणि वनातील पालापाचोळ्याचा थर खाऊन त्या जमिनीचे नुकसान करतात. ती आणि उरलेले मिनो बांधून कचऱ्यात टाकावेत. जळवा मात्र गार पाण्यात, फडताळात नव्हे तर शीतपेटीत, पुढच्या आठवड्यापर्यंत चांगल्या राहतात, फक्त पाणी रोज बदलावे आणि घरच्यांसाठी डबीवर आत काय आहे ते लिहून ठेवावे.