हप्ते दोघांचे, घर कोणाचे?

प्रश्न : दोघेही नोकरी करणाऱ्या तरुण दांपत्याने सदनिका पतीच्या नावावर घेतली आणि कर्जाचे हप्ते दोघांनी फेडले, तर घटस्फोटानंतर पत्नीचा तिच्यावर हक्क किती?

उत्तर : महाराष्ट्रातील हिंदू दांपत्याला लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात ‘वैवाहिक संपत्ती’, म्हणजे संसारकाळात मिळवलेली आणि विवाहामुळेच दोघांची ठरणारी मालमत्ता, ही संकल्पना नाही, त्यामुळे मालकी प्रथमतः दस्तऐवजावरील नावावरून ठरते आणि पत्नीला आपला आर्थिक वाटा बँकेच्या नोंदींनी सिद्ध करावा लागतो. पतीचा पगार हप्त्यांत आणि पत्नीचा किराणा व मुलांच्या शुल्कात गेला असेल, तर तिच्या खर्चाचा मागही उरत नाही, आणि बहुसंख्य घरांत व्यवहार नेमका असाच चालतो. स्त्रीधन, म्हणजे तिला भेट मिळालेले दागिने व वस्तू, मात्र निर्विवादपणे तिचेच असते. कलम २५ खालील कायमची पोटगी पती-पत्नींपैकी कोणालाही मागता येते. या पोटगीसाठी दोघांनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले. तथापि पोटगी हा निर्वाहाचा आधार आहे, मालकीचा वाटा नव्हे.

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेमुळे चित्र वेगळे आहे : विवाहापूर्वी वेगळा करार नसल्यास मालमत्ता सामाईक धरली जाते आणि साधारणतः निम्मा वाटा प्रत्येकाचा असतो. महाराष्ट्रात त्याच्या जवळ जाणारी वाट एकच, ती म्हणजे खरेदीखतावर दोघांची नावे.