कण्हेर लावा, पण ओळखून!

पावसाळा तोंडावर आला की अंगणात फुलझाडे लावण्याची लगबग सुरू होते. त्यात कण्हेरीला पहिला मान. पाणी बेताचे लागते, फुले जवळजवळ वर्षभर येतात आणि गुरे तोंड लावत नाहीत. गुरे तोंड का लावत नाहीत, याचा विचार मात्र आपण करीत नाही. कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे.

ओळख : आपल्याकडे दोन झाडांना कण्हेर म्हणतात. पहिली तांबडी, गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांची. हिची पाने लांबट, जाड, मधली शीर ठळक आणि फांदीवर बहुधा एका ठिकाणी तीन-तीन. शेंगा लांब व अरुंद असतात. दुसरी पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी. फुले घंटेसारखी, पाने अरुंद व चकचकीत, तोडल्यावर पांढरा चीक येतो. फळ हिरवे, तिकोनी, वाळल्यावर काळे पडते. आतली टणक बी मुले खेळायला घेतात. तीच सर्वांत धोक्याची.

लागवड : जून-जुलैत अर्धवट पक्व फांदीचे वीतभर लांबीचे छाट घ्यावे. खालची पाने काढून ते रेतीमिश्रित मातीत खोचावे. साधारण महिनाभरात मुळे फुटतात. दिवसभर ऊन मिळेल आणि पाणी तुंबणार नाही अशी जागा निवडावी. काळ्या जमिनीत खड्ड्यात थोडा मुरूम घालावा. दोन झाडांत पाच-सहा फूट अंतर ठेवावे. बहर ओसरला की छाटणी करावी. नव्या फुटव्यावर फुले येतात. बिट्टी बियांपासून सहज उगवते.

छाटणी करताना हातमोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत. छाटलेल्या फांद्या जाळू नयेत, त्यांचा धूरही अपायकारक असतो. तो पाला गोठ्याकडे जाऊ देऊ नये. वाळला तरी विष कायम राहते. रांगती मुले असलेल्या घरात बिट्टी नकोच. असल्यास फळे धरू देऊ नयेत, पडलेली रोज वेचावीत.

विष कसे चढते? : हृदयविकारावरील डिजॉक्सिन या औषधासारखी द्रव्ये या झाडांत असतात. ती हृदयाच्या पेशींतील सोडियम-पोटॅशियमची देवाणघेवाण बिघडवतात. काही तासांत मळमळ, उलट्या, पोटदुखी, जुलाब, चक्कर ही लक्षणे दिसतात. नाडी मंद किंवा अनियमित होते आणि हृदय बंदही पडू शकते. ही लक्षणे साध्या अजीर्णासारखी वाटतात, म्हणून घरात वेळ दवडला जातो.

काय करावे? : तोंडातील तुकडे काढून चूळ भरायला लावावी. मीठपाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. दूध, लिंबू, काढा यांत वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा आणि ई.सी.जी.ची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. झाडाचे पान किंवा फळ पिशवीत घालून सोबत न्यावे, डॉक्टरांना निदान सोपे जाते. मूल बरे दिसले तरी "आता काही होत नाही" म्हणून घरी आणू नये. हृदयाची गती उशिरानेही बिघडते, म्हणून डॉक्टर दिवसभर देखरेखीखाली ठेवतात.

मूळव्याध, त्वचारोग, सांधेदुखी यांवर कण्हेरीचे मूळ किंवा पान पोटात घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. उकळल्याने विष जात नाही. केरळात त्रावणकोर देवस्वम बोर्डाने मे २०२४ मध्ये नैवेद्य व प्रसादात कण्हेरीची फुले न वापरण्याचा निर्णय घेतला. आपणही फुले देवाला अवश्य वाहावीत, पण प्रसादाच्या ताटात आणि तीर्थाच्या पळीत ती पडू देऊ नयेत.

झाड उपटण्याची गरज नाही. ते कुंपणाला लावावे आणि घरातल्या प्रत्येक मुलाला त्याचे नाव व गुण सांगावेत. विस्तवाला हात लावू नये हे आपण मुलांना शिकवतोच, तसेच हेही शिकवावे.