किचनचं काम घेताय? आधी निर्णयांचा क्रम लावा

व्हिडिओत सावेडीतल्या किचनचा किस्सा घाईत सांगितला होता. इथे तो नीट लिहितो, सोबत माझ्या दुकानात वापरतो तो तक्ताही देतो. ट्रॉली, फर्निचर, ग्रॅनाइट, प्लंबिंग, यातलं काहीही करत असाल तर हा धडा तुमच्यासाठी आहे.

दुकान टाकून दोनच वर्षं झाली होती. घरातल्या सूनबाईंनी मोबाईलवर फोटो दाखवला. त्या उंच, म्हणून ओटा 36 इंच ठरला. टाइल्स लागल्या, ग्रॅनाइट बसलं. मग गावाहून आजी आल्या. त्यांनी ओट्यावर परात ठेवून बघितली आणि म्हणाल्या, "आता भाकरी काय हात वर करून थापू?" घरात रोज बाजरीची भाकरी, थापणार आजी, आणि मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं! ओटा तोडावा लागला. ग्रॅनाइट काढताना तडकलं. नफा तर गेलाच, वर गवंड्याची मजुरी माझ्या खिशातून.

त्या दिवसापासून एकच नियम पाळतो. जो निर्णय बदलायला भिंत फोडावी लागते, तो आधी. जो बदलायला स्क्रूड्रायव्हर पुरतो, तो शेवटी. ग्राहक नेमका उलटा चालतो, पहिला प्रश्न रंगाचा असतो. त्याला क्रमावर आणणं हे आपलं काम.

1. माणसं आणि सवयी. स्वयंपाक कोण करतं? भाकरी की पोळी? दिवसाआड पाणी येत असेल तर पिण्याच्या पाण्याचं पिंप कुठे? 1926 मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी जर्मनीत फ्रँकफुर्टच्या घरांसाठी छोटं किचन आखलं. स्वयंपाकात कुठल्या कामाला किती वेळ आणि किती पावलं लागतात, याचा विचार करून. आजच्या मॉड्युलर किचनची सुरुवात तिथली मानतात.

2. उंची. ओटा साधारण 32 ते 34 इंच ठेवतात. पण टेप ओट्याला नाही, माणसाला लावा. उभं राहून हात कोपरात वाकवला की कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा हवा. भाकरी थापायला त्याहून थोडा खाली. दोघींची उंची वेगळी असेल तर ओट्याचा एक भाग खाली घ्या.

3. भिंतीतलं. पाण्याची लाइन, ड्रेनेज, ओव्हनसाठी 16 अँपिअरचा पॉइंट, चिमणीच्या पाइपचं भोक. हे सगळं टाइल्सच्या आधी भिंतीवर खडूने आखून घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर गॅस खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी हवा जायला जागा ठेवाच.

4. ओटा आणि टाइल्स. ट्रॉलीचं फायनल माप हे झाल्यावरच घ्या. प्लास्टर आणि टाइल्सची जाडी अर्धा-एक इंच सहज खाते आणि तयार ट्रॉली अडते.

5. दिसणारं. लॅमिनेट, हँडल, लाइट. सिंकखाली प्लाय वापरणार असाल तर आयएस 710 मार्कचाच घ्या. पाण्याजवळ पैसे वाचवले की तक्रार आपल्याच दारात येते.

आता तक्ता. चार रकाने आखा: निर्णय, कोण घेणार, शेवटची तारीख, नंतर बदलला तर खर्च कोणाचा. काम सुरू व्हायच्या आधी ग्राहकाची सही घ्या. चौथा रकाना वाचताना ग्राहक थांबतो, घरात विचारून येतो. तेच तर हवंय! सहीमुळे संबंध बिघडतील अशी भीती मलाही होती. उलट बिलाच्या वेळची वादावादी कमी झाली.

होमवर्क: तुमचं मागचं एक काम आठवा, ज्यात तोडफोड झाली. कुठला निर्णय उशिरा झाला? आणि कोणाला विचारायचं राहिलं होतं? वहीत लिहा. पुढच्या कोटेशनच्या वेळी ती वही सोबत ठेवा.